हेक्झाडेकेन हाताळताना: थिजलेल्या बाटलीपासून टाकाऊ डब्यापर्यंत

गेल्या थंडीतल्या एका सोमवारी सकाळी महापेच्या आमच्या लॅबचं दार उघडलं, तर प्रोजेक्टसाठी येणारी एक मुलगी हातात अर्ध्या लिटरची बाटली धरून उभी. "मॅडम, हे खराब झालंय. सगळं पांढरं पडलंय. टाकून देऊ?" शनिवारी निघताना कोणीतरी एसी १६ वर चालू ठेवून गेलं होतं आणि बाटलीतलं हेक्झाडेकेन, म्हणजे डिझेलच्याच कुळातलं एक रंगहीन तेल, तळापासून गळ्यापर्यंत थिजलं होतं. बाटली पूर्णपणे चांगली होती. तिने विचारलं म्हणून ती वाचली. त्याआधी दोन बाटल्या न विचारता टाकल्या गेल्या होत्या, आणि त्यातली एक बेसिनमध्ये.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांतून मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री आणि फार्मसीची बरीच मुलं आमच्याकडे येतात. हेक्झाडेकेन वापरताना त्यांच्या हातून त्याच त्या चुका होतात. कोणी त्याला हेक्झेन (चटकन भडकणारं सॉल्व्हंट) समजून घाबरतं, तर कोणी खोबरेल तेलासारखं बिनधास्त वापरतं. त्याचे धोके खरे आहेत, फक्त आपण जिथे शोधतो तिथे ते नसतात. म्हणून बाटली येते तेव्हापासून टाकाऊ तेल जातं तोपर्यंतचा क्रम इथे लिहिते आहे.

## आधी हे आकडे फळ्यावर लिहा

हेक्झाडेकेन म्हणजे सोळा कार्बनची सरळ साखळी, तिच्यावर चौतीस हायड्रोजन. रेणुभार २२६.४. रंग नाही, वास जवळपास नाही.

- वितळणबिंदू: सुमारे १८ अंश सेल्सिअस
- उत्कलनबिंदू: सुमारे २८७ अंश
- घनता: २५ अंशांना सुमारे ०.७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर
- फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते): सुमारे १३५ अंश
- आपोआप पेट घेण्याचं तापमान: सुमारे २०० अंश
- पृष्ठताण: २० अंशांना सुमारे २७.५ मिलिन्यूटन प्रति मीटर
- अपवर्तनांक: २० अंशांना १.४३४

यातल्या १८, १३५ आणि २०० या तीन आकड्यांवर खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी उभ्या आहेत.

हेक्झाडेकेनचं दुसरं नाव सीटेन. डिझेल इंजिनात ते इतक्या चटकन पेट घेतं की सीटेन क्रमांकाच्या मोजपट्टीवर त्याला १०० धरतात. आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलला किमान ५१ लागतात. लॅबमध्ये ते तेल खाणाऱ्या जिवाणूंना खाद्य म्हणून, इमल्शनमधला (एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब) तेलाचा भाग म्हणून, संपर्ककोन (थेंब पृष्ठभागाला टेकतो तो कोन) मोजायला, गॅस क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) स्टँडर्ड म्हणून आणि उष्णता साठवणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासात वापरतात. वितळताना ते ग्रॅममागे सुमारे २३५ ज्यूल उष्णता शोषून घेतं.

## टप्पा १: बाटली ताब्यात घेताना

चूक इथूनच सुरू होते. फोनवर "हेक्झाडेकेन" सांगितलेलं समोरच्याला "हेक्झेन" ऐकू येतं. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून मागवा नाहीतर ऑनलाइन, ऑर्डरमध्ये नावाबरोबर कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, लिहाच. हेक्झाडेकेनचा ५४४-७६-३. साधं एन-हेक्झेन म्हणजे ११०-५४-३. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही वीसेक अंश खाली आहे, त्यामुळे ही अदलाबदल जिवावर बेतू शकते. हेक्झाडेसीन आणि हेक्झाडेकॅनॉल हेही वेगळे पदार्थ आहेत. हेक्झाडेकॅनॉल तर खोलीच्या तापमानाला घट्ट मेणासारखा असतो.

शुद्धता किती हवी ते कामावर ठरतं. जिवाणू वाढवायला किंवा क्रोमॅटोग्राफीला ९९ टक्के घ्या. त्याखालच्या ग्रेडमध्ये शेजारच्या साखळ्या मिसळलेल्या असतात. क्रोमॅटोग्राफीत मग चौदा-पंधरा कार्बनची छोटी शिखरं (पीक) आलेखात दिसतात आणि मुलं त्या शिखरांना "जिवाणूंनी तोडलेले तुकडे" समजून रिपोर्टमध्ये लिहून मोकळी होतात. बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागून घ्या आणि फाइलला लावा.

तपासणी: फिल्टर पेपरवर एक थेंब टाका. हेक्झेन असेल तर मिनिटभरात डाग उडून जातो. हेक्झाडेकेनचा पारदर्शक तेलकट डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. बाटली उघडताच पेट्रोलसारखा वास आला तर झाकण लावा आणि परत पाठवा.

## टप्पा २: ठेवायची जागा

फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, ठेवूही नका. खोलीच्या तापमानाला, काचेच्या बाटलीत, आतून टेफ्लॉनचा थर असलेल्या झाकणाखाली ते व्यवस्थित राहतं. बाटलीखाली स्टीलचा किंवा एनॅमलचा ट्रे ठेवा. त्याच कप्प्यात नायट्रिक ॲसिड, पेरॉक्साइड, परक्लोरेट असले ऑक्सिडायझर नकोत.

दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. रबराचं बूच लावू नका. नैसर्गिक रबर या तेलात फुगतं आणि रबरातली रसायनं तेलात उतरतात. झाकणावर पॅराफिल्म गुंडाळायची सवय असते तीही इथे नको. पॅराफिल्ममध्ये पॅराफिन मेण असतं आणि हेक्झाडेकेन त्याच कुळातलं. जिथे स्पर्श होईल तिथे फिल्म मऊ होऊन विरघळते, आणि तुमच्या क्रोमॅटोग्राममध्ये मेणाच्या लांब साखळ्यांची रांग लागते.

लेबल तेलकट बोटांनी पुसलं जातं. बाटली उघडल्याची तारीख पेन्सिलीने लिहा आणि वर पारदर्शक टेप लावा.

## टप्पा ३: थिजलेली बाटली वितळवणे

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

खोबरेल तेल थंडीत थिजतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. हेक्झाडेकेन त्यापेक्षा थोडं खाली, १८ अंशांना थिजतं. ऐरोली-घणसोलीच्या बाजूला जानेवारीच्या पहाटे तेवढा गारवा असतो, आणि एसीच्या लॅबला तर ऋतू लागत नाही. थिजल्याने पदार्थ बिघडत नाही. बिघडतो तो आपण पुढे जे करतो त्याने.

बाटली अर्धवट थिजली असेल तर नीट बघा. पाण्यावर बर्फ तरंगतो, पण इथे घन भाग द्रवापेक्षा जड असतो आणि तळाशी बसतो. वरचा द्रव ओतून घेऊन काम भागवायचा मोह होतो. आधी थिजतं ते बहुतांशी शुद्ध हेक्झाडेकेन. कमी तापमानाला थिजणाऱ्या लहान साखळ्या आणि बाकीची अशुद्धी वरच्या द्रवात जमते. म्हणजे बाटलीतला सगळ्यात वाईट भाग तुम्ही वापरायला घेता, आणि उरलेल्या बाटलीची शुद्धताही लेबलवर लिहिल्यासारखी राहत नाही.

क्रम असा ठेवा:

१. झाकण घट्ट असल्याची खात्री करा. बाटली बाहेरून कोरडी पुसा.

२. पसरट टबात ३० ते ३५ अंशांचं पाणी घ्या, अंगाला कोमट लागेल इतकं. पाण्याची पातळी बाटलीच्या गळ्याच्या बरीच खाली ठेवा.

३. पूर्ण थिजलेल्या अर्ध्या लिटरला तास-दीड तास द्या. पाणी गार झालं की बदला.

४. शेवटचा पांढरा खडा दिसेनासा झाला की बाटली हलक्या हाताने दहा-बारा वेळा उलटसुलट करा. मिसळल्याशिवाय एक थेंबही काढू नका.

५. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडा. पावसाळ्यात गार बाटली उघडली की दमट हवा आत शिरते आणि पाणी आतल्या बाजूला जमतं.

इशारा: हॉटप्लेट, बर्नर, हीट गन, मायक्रोवेव्ह यांपैकी काहीही वापरायचं नाही. हॉटप्लेटवर काच तडकली, तर तेल २०० अंशांहून गरम पत्र्यावर सांडतं आणि ठिणगीशिवाय पेटू शकतं.

तपासणी: बाटली उजेडासमोर तिरकी धरा आणि तळाचा कोपरा बघा. काचेला चिकटलेला, हलवल्यावर पाऱ्यासारखा घरंगळणारा गोल थेंब दिसला तर ते पाणी आहे. तेल हलकं असल्यामुळे पाणी नेहमी खालीच सापडेल. लागेल तेवढंच तेल वेगळ्या कोरड्या फ्लास्कमध्ये काढा, निर्जल सोडियम सल्फेट घालून अर्धा तास ठेवा आणि गाळून घ्या.

शुद्धतेची घरगुती परीक्षाही याच वेळी उरकते. टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिलिलिटर घ्या, आत थर्मामीटर ठेवा, ट्यूब १० अंशांच्या पाण्यात धरा आणि हळूहळू ढवळत राहा. पारा १८ च्या आसपास येऊन बराच वेळ अडकला आणि तिथेच सगळं पांढरं झालं, तर माल चांगला. तो १५-१६ पर्यंत घसरत गेला आणि कुठेच स्थिर थांबला नाही, तर काहीतरी मिसळलेलं आहे.

## टप्पा ४: हातांची आणि टेबलाची तयारी

नायट्राइलचे हातमोजे घाला. लेटेक्सचे इथे चालत नाहीत, ते फुगतात आणि सैल पडतात. या तेलाने त्वचेची आग होत नाही, म्हणून मुलं उघड्या हातांनी काम करतात. पण वारंवार लागलं की ते त्वचेतला नैसर्गिक स्निग्धपणा ओढून घेतं, कातडी कोरडी पडते आणि भेगा पडतात. गॉगल घाला, अंगात सुती एप्रन असू द्या.

काच पूर्ण कोरडी आणि साबणाचा अंश नसलेली हवी. सिलिकॉनची नळी, रबराचा बल्ब, काळ्या रबराचा दट्ट्या असलेली सिरिंज, पॉलिस्टायरीनची डिस्पोजेबल पिपेट हे सगळं बाजूला ठेवा. काच, टेफ्लॉन आणि स्टील या तिघांवर भरवसा ठेवा. थोड्या वेळासाठी पॉलिप्रॉपिलीनचं टिप चालतं, पण त्यात साठवण करू नका.

खोलीचं तापमान २५ च्या आसपास ठेवा. एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर पिपेटच्या टोकातच तेल थिजू शकतं.

इशारा: तोंडाने पिपेट ओढायची नाही, कधीही. तेल पोटात गेलं तर त्रास बेताचा असतो, श्वासनलिकेत गेलं तर जीव धोक्यात येतो. एवढं पातळ तेल फुप्फुसात झरकन पसरतं. रसायनांच्या वर्गीकरणात ४० अंशांना २०.५ सेंटिस्टोक (द्रवाचा घट्टपणा मोजायचं एकक) किंवा त्याहून पातळ असलेल्या हायड्रोकार्बनना हा इशारा लागतो, आणि हेक्झाडेकेन आहे सुमारे ३.

## टप्पा ५: मोजणे

"एक टक्का हेक्झाडेकेन" असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं. १०० मिलिलिटर माध्यमात एक मिलिलिटर घातलं की ते आकारमानाने एक टक्का होतं. वजनाने ते साधारण ७७० मिलिग्रॅमच भरतं, म्हणजे लिटरमागे ७.७ ग्रॅम. बरेच रिपोर्ट सरळ "१० ग्रॅम प्रति लिटर" लिहून पुढे जातात आणि नंतर टक्केवारी जुळत नाही म्हणून रात्र जागतात. एक ग्रॅम हवं असेल तर सुमारे १.३ मिलिलिटर घ्यावं लागतं.

शक्य असेल तिथे वजनानेच मोजा. तापमान दहा अंशांनी वाढलं की आकारमान जवळपास एक टक्क्याने फुगतं. वजनाला खोली गार आहे की गरम, याने फरक पडत नाही.

मायक्रोपिपेट वापरायचीच असेल तर तेल हळू ओढा, टोक द्रवातच तीन-चार सेकंद धरून ठेवा, हळू सोडा आणि टोक भांड्याच्या भिंतीला टेकवून दहा सेकंद थांबा. टिपच्या आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर राहतोच. म्हणून पहिल्यांदा ओढलेलं सोडून द्या आणि दुसऱ्यांदा ओढलेलं वापरा. काचेची सिरिंज याहून कितीतरी बरी.

तपासणी: एक मिलिलिटर पाच वेळा तराजूवर टाका. प्रत्येक वेळी ०.७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. आकडे ०.७० ते ०.७८ असे विखुरले तर दोष हाताचा आहे, तेलाचा नाही. हात बसेपर्यंत नमुन्याला लावू नका.

## टप्पा ६: निर्जंतुक करणे

मायक्रोबायोलॉजीच्या मुलांसाठी या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

पाठ्यपुस्तकात तेलं आणि द्रव पॅराफिन हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर निर्जंतुक करायला सांगतात. द्रव पॅराफिन म्हणजे बऱ्याच लांब, जड साखळ्यांचं मिश्रण. त्याच्यासाठी ते ठीक आहे. हेक्झाडेकेनचा फ्लॅश पॉइंट १३५ आहे. १६० च्या ओव्हनमध्ये, तापलेल्या कॉइलशेजारी, कापसाचं बूच लावलेला फ्लास्क ठेवला की आपण पेटायला जे जे लागतं ते सगळं एका बंद पेटीत भरून दार लावलेलं असतं. हेक्झाडेकेन ओव्हनमध्ये ठेवायचं नाही.

मग ऑटोक्लेव्ह? अनेक प्रोटोकॉलमध्ये १२१ अंश, १५ मिनिटं असं लिहिलेलं सापडतं. ते पेटत नाही, पण काम अर्धवट होतं. ऑटोक्लेव्हची ताकद वाफेच्या ओलाव्यात आहे. तेलाच्या आत वाफ पोचत नाही, त्यामुळे तिथले स्पोअर, म्हणजे जिवाणूंचे चिवट बीजाणू, कोरड्या उष्णतेत राहिल्यासारखे तग धरतात, आणि १२१ अंशांची कोरडी उष्णता पंधरा मिनिटांत त्यांना मारत नाही. वर बाटलीत पाणी शिरतं ते वेगळंच.

खात्रीचा मार्ग गाळण्याचा:

१. ०.२२ मायक्रॉनचा टेफ्लॉनचा सिरिंज फिल्टर घ्या. तो पाण्याला दूर ठेवणारा, म्हणजे हायड्रोफोबिक असला पाहिजे. तो स्वतः आधीच निर्जंतुक असावा.

२. फिल्टर, सिरिंज आणि ज्यात गाळायचं ती बाटली, तिन्ही कोरडी हवीत. पाण्याचा एखादा थेंब त्या पडद्यावर अडकून बसतो आणि दाब वाढत जातो.

३. तेल २५ ते ३० अंशांना असू द्या. लॅमिनार हूडमध्ये गार हवेचा झोत असेल तर बाटली आधी कोमट करून आणा.

४. काचेची सिरिंज, किंवा रबर नसलेली दोन भागांची प्लास्टिक सिरिंज वापरा. अंगठ्याने जोर लावू नका. फिल्टर उडाला तर तेल तोंडावर येतं.

५. पहिला अर्धा मिलिलिटर टाकाऊ डब्यात सोडा, पुढचं निर्जंतुक बाटलीत घ्या.

तपासणी: गाळलेल्या तेलाचे काही थेंब न्यूट्रियंट ब्रॉथच्या नळीत टाका आणि दोन दिवस इन्क्युबेट करा. ब्रॉथ गढूळ झाला नाही तरच तो लॉट प्रयोगाला घ्या. हे दोन दिवस वाचवायला गेलेल्यांचे दोन महिने गेलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा ७: पृष्ठभागाची मोजमापं करणार असाल तरच

संपर्ककोन, आंतरपृष्ठ ताण, इमल्शन अशा कामांना ९९ टक्के शुद्धताही पुरत नाही. उरलेल्या एका टक्क्यातले ध्रुवीय रेणू पाणी आणि तेलाच्या सीमेवर जाऊन बसतात. शुद्ध पाणी आणि शुद्ध हेक्झाडेकेन यांच्यातला ताण सुमारे ५३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. लटकत्या थेंबाच्या पद्धतीने मोजताना आकडा सुरुवातीला ५० आणि दहा मिनिटांनी ४५ दाखवत असेल, तर तेल अजून शुद्ध करायचं आहे.

त्यासाठी ध्रुवीय रेणू धरून ठेवणारी ॲल्युमिनाची पूड वापरतात. ती ओव्हनमध्ये तापवून ओलावा काढा, डेसिकेटरमध्ये पूर्ण गार करा, मगच काचेच्या कॉलममध्ये भरा आणि त्यातून तेल सोडा. गरम ॲल्युमिनावर तेल ओतू नका. पावसाळ्यात उघड्या डब्यातला ॲल्युमिना काही तासांत ओल धरतो आणि त्याची ताकद जाते, म्हणून लागेल तेवढाच काढा. हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटपेक्षा हे तेल घट्टसर असल्यामुळे थेंब सावकाश पडतात, त्यांना घाई करू नका. खोली १८ च्या खाली गेली तर कॉलममध्येच तेल थिजून प्रवाह थांबेल. एका फेरीत ताण स्थिर झाला नाही तर ताज्या ॲल्युमिनातून पुन्हा सोडा.

इमल्शन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बारीक थेंबांतलं हेक्झाडेकेन १८ च्या बरंच खाली जाईपर्यंत द्रव राहू शकतं. नमुना फ्रिजमध्ये ठेवलात तर काही थेंब थिजतात, काही थिजत नाहीत. बाहेर काढून वितळला की थेंब एकमेकांत मिसळतात आणि इमल्शन फुटतं. ते खोलीच्या तापमानाला ठेवा आणि त्याच आठवड्यात मोजा.

## टप्पा ८: तापवण्याची वेळ आलीच तर

साधा नियम: उघड्या भांड्यात १०० अंशांच्या वर नाही. बीकरमधलं तेल ऑइल बाथसारखं वापरायचं नाही.

लांब साखळीचं तेल पेटायला जड असं आपण मानतो. ठिणगीपुरतं ते खरं आहे. काडी जवळ नेली तर खोलीच्या तापमानाचं हेक्झाडेकेन पेटत नाही, हेक्झेन भडकतं. पण ठिणगीविना, नुसत्या उष्णतेने पेटण्याचं तापमान हेक्झाडेकेनचं हेक्झेनपेक्षाही कमी आहे. सीटेन क्रमांक १०० म्हणतात तो याच गुणासाठी. त्याचा उत्कलनबिंदू २८७ आणि आपोआप पेटण्याचं तापमान २०० च्या आसपास. म्हणजे ते उकळत असताना जॉइंटमधून वाफ गळली आणि हवेला लागली, तर पेटायला दुसरं काही लागत नाही.

उच्च तापमानाची अभिक्रिया करायचीच असेल तर नायट्रोजनखाली, बंद सेटअपमध्ये, दुसऱ्या स्वतंत्र सेन्सरवर बंद पडणाऱ्या हीटिंग मँटलवर, आणि माणूस समोर उभा असताना. जेवायला जाताना मँटल बंद.

तेलाचा फवारा आणि तेलात भिजलेला कापूस हे दोन्ही फ्लॅश पॉइंटच्या आकड्याला जुमानत नाहीत. बारीक थेंब आणि वात कमी उष्णतेतही पेट घेतात. बर्नरजवळ तेलकट टिश्यू पडू देऊ नका.

## टप्पा ९: फ्लास्कमधून उरलेलं तेल काढणे

जिवाणूंनी किती तेल खाल्लं ते मोजताना फ्लास्कमधून दर आठवड्याला पाच मिलिलिटर काढणारे बरेच जण भेटतात. हेक्झाडेकेन पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगतं, काचेला चिकटतं, कापसाच्या बुचात शोषलं जातं. पिपेटमध्ये कधी नुसतं पाणी येतं, कधी तेलाचा गोळा. अशा आकड्यांवरून काढलेला आलेख कितीही सुबक दिसला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

मोजायच्या प्रत्येक दिवसासाठी तीन वेगळे फ्लास्क सुरुवातीलाच लावा आणि त्या दिवशी अख्ख्या फ्लास्कमधलं तेल हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये काढून घ्या. काचेच्या भिंती आणि बूचही त्याच सॉल्व्हंटने धुवा आणि ते धुवण त्यातच मिळवा. काढायच्या आधी अंतर्गत खूण म्हणून ऑर्थो-टरफिनाइलसारखा पदार्थ ठरावीक मात्रेत घाला, म्हणजे किती हरवलं ते कळतं. जिवाणू न घातलेले फ्लास्क तितकेच दिवस त्याच शेकरवर फिरू द्या. महिनाभरात त्यातूनही थोडं तेल कमी होतं, आणि ती घट जिवाणूंच्या खात्यावर जमा होता कामा नये.

इशारा: हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेन लागलेला फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ देऊ नका.

## सांडलं, तोंडात गेलं, पेटलं

लादीवर सांडलेलं हेक्झाडेकेन पाण्यासारखंच दिसतं, आणि धोका तिथेच आहे. सगळ्यात आधी त्या जागेवर खुर्ची ठेवा, म्हणजे कोणी घसरणार नाही. पाणी ओतू नका, तवंग आणखी पसरतो. भुसा, वर्मिक्युलाइट किंवा जुन्या चिंध्यांनी टिपून घ्या, मग साबणाच्या गरम पाण्याने दोनदा पुसा. शेवटी त्या लादीवर हातमोज्याचं बोट फिरवून बघा. बोट घसरत असेल तर तिसऱ्यांदा पुसा. भिजलेला भुसा आणि चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात जातात, कचऱ्याच्या बादलीत नाहीत.

तोंडात गेलं तर उलटी करवायची नाही. मीठ-पाणी, दूध, बोटं घालणं, काही नको. उलटीबरोबर तेल वर येताना श्वासनलिकेत शिरतं. माणसाला बसवून ठेवा, १०८ ला फोन करा आणि रसायनाचं सुरक्षा पत्रक बरोबर घेऊन रुग्णालयात जा. खोकला थांबला म्हणून घरी पाठवू नका. फुप्फुसाची सूज काही तासांनी दिसते.

पेटलं तर कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा फोम. तापलेल्या तेलावर पाणी मारलं की काय होतं ते फोडणीत पाण्याचा थेंब पडल्यावर प्रत्येकाने पाहिलं आहे.

## टप्पा १०: काचसामान धुणे आणि टाकाऊ तेल

काच धुताना सरळ पाणी किंवा अल्कोहोल ओतलं की तेल फक्त इकडून तिकडे सरकतं. आधी टिश्यूने तेल पुसून काढा. मग फ्यूम हूडमध्ये थोड्या हेप्टेनने खंगाळा. हेप्टेन हेक्झेनपेक्षा मज्जातंतूंना कमी घातक आहे, पण पेट जवळपास तितक्याच सहज घेतं, तेव्हा आसपास ज्योत नको. त्यानंतर ॲसिटोन, मग गरम साबणपाणी, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. हा क्रम उलटवू नका. ॲसिटोन आधी घेतलं तर गार खोलीत ते हेक्झाडेकेनशी पुरतं मिसळत नाही आणि काचेवर पट्टे राहतात.

तपासणी: शेवटच्या पाण्याचा थर काचेवर सलग पसरला पाहिजे. कुठे थेंब गोळा होऊन तुटला तर तिथे तेल आहे.

टाकाऊ तेलासाठी क्लोरीन नसलेल्या सॉल्व्हंटचा वेगळा डबा ठेवा. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मचा अंश त्यात पडला की अख्खा डबा दुसऱ्या, महागड्या वर्गात जातो. नुसता हेक्झाडेकेन घातलेला जिवंत कल्चर आधी ऑटोक्लेव्ह करा: भांडं अर्ध्याहून कमी भरलेलं, झाकण सैल, वाफ हळू सोडलेली, आणि पूर्ण गार झाल्यावरच दार उघडायचं. मग ते रात्रभर स्थिर ठेवा. वरचा थर सेपरेटिंग फनेलने वेगळा करा. मधला दुधाळ थर सुटत नसेल तर त्यात मीठ घाला, तेल आणि पाणी लवकर वेगळं होतं. तरीही उरलेला दुधाळ थर तेलाच्याच डब्यात टाका.

बेसिनमध्ये काहीही नाही, एक मिलिलिटरही नाही. आपल्याकडचं गटार कुठे जाऊन मिळतं ते ऐरोलीच्या पुलावरून जाताना दिसतं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, आणि तिथल्या चिखलात फ्लेमिंगो चोच बुडवून खातात. पाण्यावरचा तवंग भरतीबरोबर खारफुटीच्या मुळांना जाऊन चिकटतो.

डब्यावर पदार्थाचं नाव, अंदाजे टक्केवारी, सुरुवातीची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, म्हणून ती तारीख महत्त्वाची. कंपनीची लॅब असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात नोंद करून माल तळोजा किंवा महापेच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे पाठवावा लागतो. कॉलेजच्या मुलांनी आपला डबा लॅब असिस्टंट काकांच्या हाती द्यावा, रजिस्टरमध्ये मिलिलिटर लिहावेत आणि त्यांची सही घ्यावी. आमच्याकडे ते रजिस्टर दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं असतं, आणि बाटलीतून जेवढं निघालं त्याचा हिशेब महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्याच्याशी ताडून बघतो.